पडद्याबाहेरची ओळ

कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिट या साधनाची २.१ ही आवृत्ती ऑगस्ट २०१४ मध्ये आली, तेव्हा तिच्यातून एक अक्षर कमी झालं होतं. गिट आपलं लांबलचक आउटपुट दाखवायचं काम 'लेस' नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतं आणि सोपवताना त्याला काही सूचना देतं. तोवर त्या सूचना चार कॅपिटल अक्षरांच्या होत्या: एफ, आर, एस, एक्स. २.१ पासून तीनच उरल्या. एस गेला.

कोडच्या बाजूने पाहिलं तर चार-दोन जागी एक अक्षर खोडायचं, एवढंच काम. गिटचे काही भाग सी भाषेत, काही शेलमध्ये तर काही पर्लमध्ये लिहिलेले असल्यामुळे ते अक्षर एकाहून जास्त ठिकाणी होतं, इतकाच काय तो व्याप. पण या बदलाची नोंद मात्र ऐसपैस झाली. कमिट मेसेजमध्ये (बदल गिटमध्ये नोंदवताना लिहिलेल्या टिपणात), नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये आणि कायमच्या संदर्भपानावर, अशी ती तीन ठिकाणी लिहिली गेली आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा वाचक वेगळा धरला गेला. छोट्या बदलाची नोंद कशी करावी, हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी ही तीन टिपणं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी, आउटपुट पानापानाने दाखवायची गरज मुळात कुठून आली, ते पाहू.

बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होती त्या काळात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर काम करत. ते यंत्र सेकंदाला १० अक्षरं या वेगाने कागदाच्या गुंडाळीवर छापायचं. वेग कमी, आवाज भरपूर. पण छापलेलं हरवत नसे. आउटपुट कितीही लांब निघालं तरी कागद फाडून टेबलावर पसरता येई, कडेला पेनाने खुणा करता येत. पुढे काचेचे पडदे आले. १९७८ चं व्हीटी-१०० हे टर्मिनल घ्या: २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं. ९६०० बॉडच्या जोडणीवर असा पडदा साधारण दोन सेकंदांत भरतो. तिसऱ्या सेकंदाला पहिली ओळ वरच्या कडेतून निघून जाते, आणि गेलेली ओळ परत आणायची सोय त्या टर्मिनलमध्ये नव्हती. कंट्रोल आणि एस एकत्र दाबून प्रवाह रोखायचा, कंट्रोल आणि क्यू दाबून पुन्हा सोडायचा, एवढंच वाचणाऱ्याच्या हाती होतं. नेमक्या ओळीवर बोट पडणं हा नशिबाचा भाग.

१९७८ मध्येच बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनियल हॅल्बर्ट यांनी 'मोर' हा प्रोग्रॅम लिहिला. तो पडदाभर मजकूर दाखवून थांबे आणि स्पेस दाबल्यावर पुढचा पडदा देई. पुढे जाण्यासाठीच तो बांधलेला होता. मागे यायचं म्हटलं की त्याची अडचण होई. ही उणीव मार्क न्यूडलमन यांनी भरून काढली. १९८३ ते १९८५ या काळात त्यांनी 'लेस' लिहिला. त्यात पुढे-मागे हवं तसं फिरता येतं, शब्द शोधता येतो आणि सुरू होण्यासाठी अख्खी फाइल वाचून होण्याची वाट पाहावी लागत नाही. आज लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये एखाद्या कमांडचं मॅन पेज, म्हणजे माहितीपान, उघडलं की तळाशी दिसणारी आणि क्यू दाबल्याशिवाय न जाणारी पट्टी बहुतेक वेळा लेसचीच असते. अशा प्रोग्रॅमना पेजर म्हणतात.

जुन्या युनिक्स पद्धतीत पेजर स्वतः जोडावा लागे. कमांड लिहायची, पुढे उभी दांडी द्यायची आणि पेजरचं नाव लिहायचं. गिटसारखी नवी साधनं ही दांडी वापरणाऱ्याच्या वतीने आपणच लावतात. मात्र आधी ती एक गोष्ट तपासतात: आउटपुट टर्मिनलवर चाललं आहे का? समोर माणूस बसलेला असेल तरच पेजर लागतो. आउटपुट फाइलमध्ये किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असेल तर पेजर मध्ये येत नाही. म्हणून पेजरमधला बदल स्क्रिप्टना सहसा जाणवत नाही. जाणवतो तो माणसांना, तोही ज्या कमांड त्यांच्या बोटांना पाठ झालेल्या असतात त्यांच्यात. असल्या बदलाची नोंद अवघड होते ती यामुळेच. कोडच्या चाचण्या सगळ्या पास होतात आणि सकाळी कामाला बसलेला माणूस मात्र गोंधळतो.

आता ती चार अक्षरं. लेसला सूचना देण्याचा एक मार्ग म्हणजे 'लेस' याच नावाचं, कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. गिट पेजर सुरू करण्याआधी त्या व्हेरिएबलमध्ये आपली अक्षरं भरतं.

आर रंगांसाठी आहे. गिट जोडलेल्या ओळी हिरव्या आणि काढलेल्या ओळी लाल दाखवतं. हे रंग टर्मिनलला कळणाऱ्या गुप्त खुणांच्या रूपात आउटपुटमध्ये मिसळलेले असतात. लेस एरवी अशा खुणा साध्या अक्षरांसारख्या छापतो आणि ओळीभर कचरा दिसतो. आर असेल तर तो रंगाच्या खुणा तशाच पुढे जाऊ देतो. एफ सांगतो की मजकूर एका पडद्यात मावत असेल तर दाखव आणि आपण होऊन बंद हो. तीन ओळींच्या आउटपुटसाठी क्यू दाबायला लागू नये, हा त्यामागचा विचार. एक्स थोडा आडवळणाचा आहे. लेस सुरू होताना टर्मिनलच्या दुसऱ्या, कोऱ्या पडद्यावर जातो आणि बंद होताना मूळ पडद्यावर परत येतो. एक्स ही ये-जा बंद करतो. एफ आणि एक्स जोडीने का लागत, हे यावरून कळेल. नुसता एफ दिला तर लेस कोऱ्या पडद्यावर तीन ओळी दाखवी, लगेच बंद होई, मूळ पडदा परत येई आणि वापरणाऱ्याला काहीच दिसत नसे. डिसेंबर २०१७ मधल्या लेसच्या ५३० व्या आवृत्तीत ही अडचण सुटली: एफ असताना मजकूर एका पडद्यात मावला, तर आता तो दुसऱ्या पडद्यावर जातच नाही.

राहिला एस. पडद्याच्या रुंदीहून लांब ओळ आली तर लेस एरवी ती मोडून खालच्या रांगेत आणतो. एस असेल तर मोडत नाही, कडेला कापतो. उरलेला भाग उजव्या बाणाची कळ दाबली की दिसतो. यात सोय नक्कीच आहे. एक ओळ म्हणजे एक रांग हा हिशेब टिकतो, रकाने सरळ उभे राहतात, डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींमधला फरक, नेटका दिसतो. अनेकांना तो आवडायचा आणि अजूनही आवडतो.

पण २०१४ च्या वसंतात गिटवर काम करणाऱ्या एका प्रोग्रॅमरने हा एस काढणारा पॅच, म्हणजे बदलाचा मसुदा, पाठवला आणि त्याच्या कमिट मेसेजमध्ये कारण लिहिलं. हा मेसेज गिटच्या इतिहासात कोणालाही वाचता येतो. त्यातला युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी अधिकाराची. एफ, आर आणि एक्स यांचा गिटशी थेट संबंध आहे, कारण गिटचं आउटपुट कधी आखूड असतं आणि ते रंगीत असतं. लांब ओळ कापावी की मोडावी, हा प्रश्न गिटचा नाही; ती वापरणाऱ्याची आवड आहे. लेसने स्वतः एक डिफॉल्ट ठरवलेलं असताना गिटने मध्ये पडून ते बदलायचं कारण काय?

दुसरी पायरी सुरक्षेची, आणि ती वाचताना मी सावरून बसलो. समजा, अनोळखी माणसाने पाठवलेला कोड तुम्ही पेजरमध्ये तपासता आहात. एक जुनी ओळ काढलेली दिसते, एक नवी ओळ जोडलेली दिसते. नवी ओळ निर्धोक आहे. पण त्या ओळीत दिसणाऱ्या कोडनंतर भरपूर टॅब भरले असतील आणि त्यांच्या पलीकडे घातक कोड लिहिला असेल, तर एस चालू असताना तो तुमच्या पडद्यावर येतच नाही. स्वच्छ पॅच आणि विषारी पॅच तंतोतंत सारखे दिसतात. उजवा बाण दाबला असता तर दिसला असता हे खरं. पण ओळ पुढे आहे अशी शंका आल्याशिवाय कोणी बाण दाबत नाही, आणि त्या वेळच्या लेसमध्ये कापलेल्या ओळीच्या टोकाला खूणही नसायची. ती खूण वर उल्लेखलेल्या ५३० व्या आवृत्तीत आली. सातबाऱ्याची झेरॉक्स काढताना उजवीकडचा 'इतर अधिकार' हा रकाना कडेबाहेर गेला तर बँकेचा बोजा कागदावर दिसणार नाही आणि जमीन निर्वेध वाटेल, तसाच हा प्रकार.

डोळ्यांना दिसतं एक आणि यंत्र वाचतं दुसरंच, या धोक्याकडे पुढच्या काळात बरंच लक्ष गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी युनिकोडमधल्या, लेखनाची दिशा बदलणाऱ्या अदृश्य खुणा वापरून कोडचा क्रम पडद्यावर वेगळा आणि कंपायलरला वेगळा कसा दाखवता येतो, हे मांडलं. तंत्र निराळं, पण तपासणारा माणूस आपल्या पडद्यावर विश्वास ठेवतो, याच गोष्टीचा फायदा दोन्हीकडे घेतला जातो. टॅबमागे दडलेल्या कोडला तर युनिकोडचीही गरज नव्हती.

कमिट मेसेजचा वाचक म्हणजे उद्या हाच कोड हाताळणारा प्रोग्रॅमर. त्याला कधीतरी प्रश्न पडणार: इथे एस का नाही? ओळी कापलेल्या बऱ्या दिसतात, घालू का परत? त्याला उत्तर मिळावं म्हणून कारण लिहून ठेवायचं. गिट प्रकल्पाची यासाठी घालून दिलेली रीत आहे. आधी सध्याची स्थिती आणि तिच्यातली अडचण सांगावी, मग निवडलेला मार्ग योग्य का ते सांगावं, आणि विचारात घेऊन सोडून दिलेले मार्ग असतील तर तेही लिहावेत. कोडमध्ये काय बदललं हे डिफ सांगतोच. का बदललं हे सांगायला दुसरी जागा नाही. ही रीत जिथे पाळली जात नाही तिथे 'पेजर फिक्स' अशा दोन शब्दांचे कमिट साठत जातात आणि पाच वर्षांनी कोणीतरी तोच एस आनंदाने परत आणतो.

दुसरी नोंद रिलीज नोट्समधली. इथे वाचक बदलतो: हा गिट वापरणारा आहे, घडवणारा नाही. २.१ च्या रिलीज नोट्समध्ये हा बदल अगदी वर, मागच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या गोष्टींच्या भागात मांडला आहे. जागेची ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. एका अक्षराचा बदल किरकोळ दुरुस्त्यांच्या लांब यादीत सहज टाकता आला असता. पण बदल किती ओळींचा आहे यावर त्याची जागा ठरत नाही. किती लोकांच्या पडद्यावर तो उमटणार, यावर ठरते. गिट लॉग आणि गिट डिफ दिवसातून अनेकदा चालवणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी सकाळी ओळी मोडलेल्या दिसणार होत्या.

त्या टिपणात चार अक्षरांची तीन झाली हे तर आहेच. शिवाय गेलेल्या अक्षराचं काम लगेच कंसात सांगितलं आहे. ज्याला एस म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याचंही काम तिथेच भागतं. मग जुनी पद्धत हवी असणाऱ्यांसाठी एकच कमांड दिली आहे, जशीच्या तशी टंकता येईल अशी: कोअर.पेजर या सेटिंगमध्ये एससह लेस लिहा. इथवर कोणीही काळजीपूर्वक लिहिणारा पोचेल. त्याच्या पुढची गोष्ट खास आहे. बहुतेक कमांडचं आउटपुट नव्या पद्धतीने वाचायला सोपं जाईल अशी अपेक्षा व्यक्त करून टिपण लगेच एक अपवाद नावानिशी सांगतं: गिट ब्लेम.

ब्लेम फाइलची प्रत्येक ओळ कोणी, कधी आणि कोणत्या कमिटमध्ये लिहिली ते दाखवते. म्हणजे मूळ ओळीच्या आधी कमिटचा क्रमांक, लेखकाचं नाव, तारीख, वेळ आणि ओळ क्रमांक येतात. मूळ ओळ आखूड असली तरी पडद्यावरची ओळ लांब होते. ती मोडली की रकाने विस्कटतात आणि ब्लेम वाचण्यातली सगळी सोय जाते. म्हणून टिपणात फक्त ब्लेमपुरता एस परत आणायची दुसरी कमांड दिली आहे: पेजर.ब्लेम या सेटिंगमध्ये एससह लेस. आपल्या निर्णयाने कोणाचं काय बिघडणार हे लिहिणाऱ्याने स्वतः शोधलं, मान्य केलं आणि त्यावरचा उपाय त्याच परिच्छेदात दिला. बदलाचं कौतुक करणारी टिपणं पुष्कळ वाचायला मिळतात. बदलाने होणारं नुकसान कमांडच्या नावासकट सांगणारी विरळा.

तिसरी नोंद संदर्भपानावरची. तिचा वाचक तिसराच. बदल होऊन वर्षं लोटल्यावर तो येतो; त्याला २.१ काय आणि २.० काय, काही देणंघेणं नाही. त्याला आत्ता काय चालतं तेवढंच हवं आहे. म्हणून कोअर.पेजर या सेटिंगच्या वर्णनात इतिहास नाही, वर्तमान आहे. लेस हे व्हेरिएबल सेट केलेलं नसेल तर गिट त्यात एफ-आर-एक्स भरतं. आधीच काही भरलेलं असेल तर गिट त्याला हात लावत नाही. पुढे दोन उदाहरणं येतात. पहिल्यात कोअर.पेजरमध्ये एस लिहिल्यावर शेवटी शेलकडे कोणती कमांड जाते ती उलगडून दाखवली आहे: व्हेरिएबलमध्ये एफ-आर-एक्स, कमांडच्या ओळीत एस, आणि दोन्ही मिळून लेसचं वागणं ठरतं. दुसऱ्या उदाहरणात गिटने घातलेलं अक्षर काढायचं कसं ते आहे: वजा आणि अधिक ही चिन्हं लागोपाठ लिहून पुढे एफ दिला की एफपुरती सूचना रद्द होते.

एक अक्षर कमी झालं आणि संदर्भपानावरचा मजकूर वाढला. हा मजकूर का वाढवला, हेसुद्धा त्या कमिट मेसेजमध्ये सांगितलं आहे. आधी एस हा गिटने घातलेला होता, म्हणून तो काढायचं उदाहरण पुरेसं होतं. आता एस घालायचं उदाहरण लागणार, कारण जुनी पद्धत हवी असणारे तेच शोधत येतील. पण घातलेलं अक्षर काढायचं उदाहरण गाळून चालणार नाही, कारण बाकीची तीन अक्षरं गिट अजूनही घालतं. म्हणून दोन्ही ठेवली.

'आधीच काही भरलेलं असेल तर गिट हात लावत नाही' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचावं असं सांगेन. दोन मित्र शेजारी बसून तीच कमांड चालवतात आणि एकाला वेगळं दिसतं, दुसऱ्याला वेगळं, याचं उत्तर बहुतेक वेळा या वाक्यात असतं. सुमारे साडेतीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका बदलाने हे स्पष्ट झालं.

जानेवारी २०१८ मध्ये गिटची २.१६ ही आवृत्ती आली. तिच्यात ब्रँचची, म्हणजे कोडच्या समांतर फांद्यांची, यादी डिफॉल्टने पेजरमधून दिसू लागली. टॅगच्या यादीबाबत तसा बदल थोडा आधीच झाला होता. ज्यांच्याकडे शेकडो ब्रँच आहेत त्यांच्यासाठी हे रास्तच. ज्यांच्याकडे तीन आहेत त्यांना एफमुळे काही फरक जाणवू नये, असा हिशेब होता. पण अनेकांच्या मशीनवर लेस हे व्हेरिएबल आधीच भरलेलं होतं. ओह माय झेड-शेलसारखी लोकप्रिय मांडणी त्यात नुसता आर भरते. मग गिट हात लावत नाही, एफ येत नाही, एक्सही येत नाही. परिणाम असा की तीन ब्रँचची यादी पूर्ण कोऱ्या पडद्यावर उघडते, तळाशी 'एंड' हा शब्द उलट्या रंगात थांबतो, आणि क्यू दाबून बाहेर आलं की यादीच गायब. नाव बघून पुढची कमांड लिहायची होती, तर ते नाव आता पडद्यावर नाही. बदल गिटचा, व्हेरिएबल शेलच्या मांडणीचं, वागणं लेसचं. तक्रार कुठे करायची?

या बदलाची आणखी एक बाजू नोंदीच्या दृष्टीने बघण्यासारखी आहे. ब्रँच ही एक कमांड असली तरी ती यादी दाखवते, नवी ब्रँच काढते, जुनी पुसते आणि ब्रँचचं वर्णन लिहायला एडिटरही उघडते. पेजर सगळ्याच कामांना लागू केला तर एडिटरचं आउटपुट टर्मिनलऐवजी पेजरकडे जातं आणि दोघंही एकाच कीबोर्डवर हक्क सांगतात. व्हिमसारखा एडिटर तर आपलं आउटपुट टर्मिनलवर जात नसल्याचा इशारा देतो. म्हणून डिफॉल्ट बदलण्याआधी वेगळ्या कमिटमध्ये हे सेटिंग फक्त यादीपुरतं मर्यादित केलं गेलं. ब्रँचच्या संदर्भपानावर आज ते लहानशा नोंदीत आहे: पेजर.ब्रँच हे सेटिंग ब्रँचची यादी करतानाच मानलं जातं, डिफॉल्ट पेजर वापरण्याचं आहे, अधिक माहितीसाठी कॉन्फिगचं पान पाहा. मर्यादा आधी, डिफॉल्ट नंतर. काटेकोर लेखन.

उलटा निर्णयही नीट नोंदवता येतो. लिनक्सवरच्या सिस्टमडीची जर्नलसीटीएल ही लॉग दाखवणारी कमांड लेसला अजूनही एस देते, म्हणजे लांब ओळी कापते. लॉगमध्ये वेळ, यंत्राचं नाव आणि प्रोसेसचं नाव एका रेषेत दिसावं म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. तिच्या मॅन पेजवर सुरुवातीच्या वर्णनातच लिहिलं आहे की लांब ओळी पडद्याच्या रुंदीला कापल्या जातात आणि लपलेला भाग डाव्या-उजव्या बाणांनी पाहता येतो. पटो न पटो, वाचणाऱ्याला ओळ पुढे आहे हे कळलं. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची कमांड लाइन २०२० च्या फेब्रुवारीत दुसऱ्या आवृत्तीत गेली, तेव्हा तिचं सगळं आउटपुट डिफॉल्टने पेजरमधून जाऊ लागलं. त्यांनीही हा बदल जुन्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या गोष्टींत मोजला आणि बंद करायचा मार्ग दिला: पेजरचं सेटिंग रिकामं ठेवा. लेस हे व्हेरिएबल सेट केलेलं नसेल तर तिथेही एफ-आर-एक्सच भरलं जातं. गिटमध्ये झालेली निवड अशी दुसऱ्या घरीही पोचली.

देवनागरीत काम करणाऱ्यांना पेजरचा आणखी एक अनुभव येतो. यंत्राचं लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंचाचं सेटिंग, यूटीएफ-८ नसेल तर लेस मराठी अक्षरं ओळखत नाही. 'म' या एका अक्षराचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात, ई-शून्य, ए-चार आणि ए-ई, आणि लेस ते कोनी कंसांत एकामागोमाग एक छापतो. मराठी कमिट मेसेज असलेला गिट लॉग मग आकड्यांची रांग होऊन बसतो. फाइलचं नाव मराठीत असेल तर यूटीएफ-८ असूनही गिट ते आधी स्वतःच तिरक्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांच्या रूपात दाखवतं, कोअर.कोटपाथ हे सेटिंग बंद केलं की नाव सरळ दिसतं. पहिलं काम लेसचं, दुसरं गिटचं. पडद्यावर दोन्ही सारखेच अनाकलनीय दिसतात, आणि कोणत्या संदर्भपानात जायचं हे दिसण्यावरून कळत नाही.

इथेच मला वर कौतुक केलेल्या नोंदींतही एक उणीव दिसते. त्या सगळ्या कारणाकडून परिणामाकडे जातात. एस काढला, म्हणून ओळी मोडतील. पेजर लावला, म्हणून यादी पानांत दिसेल. वाचणारा मात्र परिणामाकडून येतो. त्याला पेजर हा शब्दच माहीत नसेल, तर 'डिफॉल्ट पेजर वापरण्याचं आहे' या वाक्यापाशी तो पोचणार कसा? त्याच्याकडे फक्त तळाशी थांबलेला 'एंड' आहे. म्हणून संदर्भपानावर पडद्यावरच्या लक्षणाने सुरू होणारं एखादं वाक्य असावं असं माझं ठाम मत आहे. ब्रँचच्या बदलाची नोंद मराठीत करायची झाली तर मी ती अशी लिहीन:

'गिट ब्रँच ही कमांड दिल्यावर यादी पूर्ण पडद्यावर उघडून तळाशी एंड दिसत असेल आणि प्रॉम्प्ट परत येत नसेल, तर यादी पेजरमध्ये उघडली आहे. बाहेर पडायला क्यू दाबा. २.१६ पासून ब्रँचची यादी डिफॉल्टने पेजरमधून दिसते. नवी ब्रँच काढणं, पुसणं किंवा वर्णन लिहिणं यांत फरक नाही. यादी आखूड असूनही पेजर उघडा राहत असेल तर तुमच्या शेलने लेस हे व्हेरिएबल आधीच भरलेलं आहे. त्यात एफ आणि एक्स ही अक्षरं वाढवा. पेजर नकोच असेल तर पेजर.ब्रँच हे सेटिंग फॉल्स करा. आउटपुट फाइलमध्ये किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असेल तर पेजर लागत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट बदलण्याची गरज नाही.'

यात क्यूचं वाक्य दुसरं आहे, कारण अडकलेल्या माणसाला आधी सुटायचं असतं. आवृत्तीचा क्रमांक त्यानंतर. स्क्रिप्टचं वाक्य शेवटी ठेवलं तरी गाळलेलं नाही. एखाद्या कार्यालयात पन्नास यंत्रं सांभाळणारा प्रशासक तेवढं एकच वाक्य शोधत आलेला असू शकतो.